शेऱ्याचा रकाना

दर मंगळवारी चापडगावच्या काठावरून निघतो आम्ही,
मी आणि भिकन मोरे.
नावेत बारा बाटल्या, एक थर्मास,
दात घासायचे तीन नवे ब्रश.
काठावरची माणसं विचारतात, यंदा रोहित किती आले?
काय सांगू,
आम्ही वर बघतच नाही.

आम्हाला हवा असतो तळ.
गोदा आणि कादवा जिथे एकमेकींत शिरून
चालायचं विसरतात,
तिथला गुडघाभर पाण्यातला दगड.
भिकनकाका तो उचलतात बाळ उचलावं तसा,
मान सांभाळून.
मी ब्रशनं घासते. काळपट हिरवी साय सुटते,
बाटलीत घुमते, बसते.
वर आयोडीनचे थेंब, की पाणी होतं कोऱ्या चहासारखं
आणि आतलं सगळं मरतं, जागच्या जागी,
मोजण्यापुरतं.

मी हे शिकले रत्नागिरीला, खाऱ्या पाण्यावर.
समुद्रशेवाळाच्या झिपऱ्या पिशवीत घालून
खळखळून हलवायच्या,
खाली पडतील ते जीव मोजायचे.
चपट्या बियांसारखे, देखणे, विषारी.
नाशिकला बदली झाली तेव्हा आई म्हणाली,
तिथे कुठला गं समुद्र?
आहे की, म्हटलं. फक्त पलीकडचा.
पाणी तिथवर पोचेतो
माझे आकडे शिळे झालेले असतात.

गेल्या चैत्रात पाणी उतरलं,
काठावर साय वाळली पापडासारखी.
गांगुर्ड्यांच्या कुत्र्यानं ती चाटली.
अर्ध्या तासात चारही पाय ताठ.
तेव्हापासून हे मंगळवार.

प्रयोगशाळा द्वारकेजवळ, दुसऱ्या मजल्यावर.
खाली टायरचं दुकान.
हायवेवरून ट्रक गेला की काचपट्टीवर भूकंप होतो,
मी थांबते,
धागे पुन्हा जागेवर बसेतो.
मग चौकोनामागून चौकोन,
अंगठ्याखाली मोजणीयंत्राची टिकटिक.
सतरा आठवडे मर्यादेच्या खाली.
सतरा वेळा तीच सही.

अठराव्या मंगळवारी काकांनी दगड उचलला
आणि लगेच माझ्या हातात दिला नाही.
हुंगला.
म्हणाले, ताई, याला भिजल्या घोंगडीचा वास येतोय.
माझा बाप असा वास आला का
आठ दिस जाळं टाकायचा नाही.
मी वहीत रकाने पाहिले.
तापमान. सामू. गढूळपणा. खोली.
वासाला जागा नव्हती.
आकडा येऊ द्या, म्हटलं.

आकडा आला गुरुवारी दुपारी.
मर्यादेच्या चौपट.
मी ट्रक नसतानाही थांबले,
पुन्हा मोजलं,
मग फोन, मग सरपंच, मग काठावर बोर्ड,
लाल रंग अजून ओला.
पण बुधवार होता ना मध्ये.
बुधवारी तिथे कोण कोण उतरलं पाण्यात,
कुणाची म्हैस, कुणाची पोरं,
ते कुठल्याच बाटलीत नाही.
काही झालं नाही, असं सगळे सांगतात.
मीही सांगते.
रात्री एकदा उठून मात्र
हात धुऊन येते.

आता शेवटचा रकाना, शेरा, मी भरते आधी.
साहेबांनी अहवाल परत पाठवला:
वास कोणत्या पद्धतीने मोजला?
उपकरणाचे नाव द्यावे.
मी लिहिलं, भिकन नथू मोरे, वय एकसष्ट.
त्यावर अजून उत्तर नाही.

आज पुन्हा मंगळवार. वारा पडलेला.
काका नाव आडवी धरतात,
बाही दुमडून खांद्यापर्यंत हात घालतात पाण्यात,
दगड वर येतो, थेंब गळतात,
तो नाकाशी नेतात, डोळे मिटतात.
मी पेन्सिल दातांत धरून बसलेय,
थर्मासचं झाकण उघडंच.
मागे कुठेतरी पंखांचा मोठा आवाज उठतो.
आम्ही दोघंही मान वळवत नाही.